एकाच नंबरचे दोन कागद

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी. कुणाच्या अंगात आलं की लांबून व्हिडिओ काढणारी! त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण घडलंय ते खरं.

मी अमडापूरची (ता. चिखली). दोन वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रीण सायलीकडे मस्कतला गेले – एकटी! तिचे बाबा तिथे नोकरीला आहेत. आमच्या मोठ्या काकांचा कडाडून विरोध होता.

"पोरीले एकटं धाडून राह्यला? अर्ध्यातून वापस आली तं?"

"नाही येत, दादा," बाबा म्हणाले.

काकांची मुलगी पूजा, तिलाही पुढे पुण्याला शिकायचं होतं. मी परत आले असते तर तिचं पुणं तिथेच संपलं असतं.

अठराच्या आतली म्हणून आईबाबांच्या सह्यांचं संमतीपत्र लागणार होतं. ते चिखलीला स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलं. प्रत एकच, झेरॉक्स काढू काढू म्हणता राहिलीच. आमच्याकडे महत्त्वाचा कागद देवापुढे ठेवून, कुंकवाचं बोट लावूनच घराबाहेर नेतात. आईने तसंच केलं.

मुंबईत कुणी तो कागद मागितला नाही. मस्कतला भर दुपारी उतरले, वायफाय लागलं आणि आईने पाठवलेला फोटो आला... देवघरात, गणपतीपुढे, माझं संमतीपत्र! खाली तिचा रडवेला आवाज – "अवं बाई, कागद तं इथंच राह्यला! आता कसं करशीन वं?"

इमिग्रेशनच्या रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं. माझा नंबर आला. पासपोर्ट बघून ऑफिसर म्हणाला, "फादर-मदर लेटर?"

मी उगाच फाइल चाळल्यासारखं केलं – आणि तिकिटाच्या मागे तो कागद! दोन्ही सह्या, नोटरीचा शिक्का, कोपऱ्यात कुंकू. तेही ओलं! ऑफिसरच्या बोटाला लागलं, त्याने टिश्यूला पुसलं, शिक्का मारला, कागद परत दिला. झालं!

बाहेर सायली आणि तिची आई उभ्या होत्या. मिठी वगैरे नंतर – आधी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"आई, तुझ्यापाशी कागद आहे?"

"हाव, हा काय!"

"त्याचा नंबर वाच."

ती एकेक आकडा वाचत गेली, मी माझ्या हातातल्या कागदावर बोट फिरवत गेले. शेवटी चार, शून्य, सात... इकडेही चार, शून्य, सात! सायली अशी किंचाळली की गार्ड धावत आला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

दोन्ही कागद आज आमच्या कपाटात आहेत. बाबा ते घेऊन नोटरीकडेही गेले. नोटरींनी रजिस्टर उघडून दाखवलं – नोंद एकच. आई म्हणते देवाची करणी, बाबा येईल त्याला दोन्ही कागद दाखवतात. मी डोकं खाजवून थकले.

गेल्या महिन्यात मोठे काका स्वतः पूजाला पुण्याला सोडून आले. आल्यावर बाबांनी पुन्हा त्या कागदाचाच विषय काढला, तर काका चहा ओतत म्हणाले, "कागद कुठून आला ते सोड ना बे. पोरगी पोचली ना?"