बोटीआधीची विहीर

मी घर सोडलं ते कागलच्या हायवेवर, निपाणीकडून येणाऱ्या मुंबईच्या बसची वाट बघत. ऊन चढायला लागलं होतं आणि पोचवायला निम्मी गल्ली आली होती. मी नक्की कुठल्या देशात चालले आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण मी देशात नाही, एका बोटीवर चालले होते. एका सेमिस्टरचं कॉलेज बोटीवरच. समुद्रात असताना लेक्चर, बंदर आलं की उतरून फील्डवर्क, आणि परत बोटीत. शेजारच्या मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे एसटीतच शाळा म्हणायची की.” याहून सोपं मला आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

आई रडली नाही. ती बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती आणि डोळ्यांना पदर लावणाऱ्या बायकांना दटावत होती, की रडायचं तर घरी जाऊन रडा, पोरगी शिकायला निघालीय. हीच आई काही महिन्यांपूर्वी घरात बोटीचा विषय काढू देत नव्हती. ती तिथवर कशी आली ते मला लिहून ठेवायचं आहे, मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठीही. जाणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. पाठवणाऱ्याचं फारसं कुणी करत नाही.

कोल्हापूरच्या कॉलेजात पर्यावरण शिकत होते, तिथल्या मॅडमनी हा कोर्स शोधून दिला. मी अर्ज केला आणि स्कॉलरशिप मिळाली, तेव्हा सगळ्यात आधी नाचले ते पप्पा. पप्पा एसटीत ड्रायव्हर. आई कुरकुरायला लागली तसं त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. आमच्या वस्तीत घर कितीही लहान असलं तरी तो फोटो असतोच. पप्पा म्हणाले, “ते बी बोटीनंच गेलते की शिकायला.”

आई तरीही ऐकेना. ती अंगणवाडीत शिकवते, कुणाचं ऐकून गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. “मला ठावं न्हाय त्या पाण्यात मी लेक सोडणार न्हाय.”

हे नुसतं आईचं काळीज नव्हतं. आमच्या सबंध भावकीत पोहता येणारं एकही माणूस नव्हतं. कागल भागात पोरं चालायला लागली की विहिरीत उड्या टाकतात, पण आमच्या आधीच्या पिढ्यांना विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभाच नव्हती. आईची आजी घागर घेऊन लांब थांबायची आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. पुढे नळ आले, दिवस बदलले, पण पाण्यात उतरायचं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आम्हीही, आपल्याला पाण्याची भीती वाटते, असं म्हणत राहिलो.

वयाने मी सज्ञान होते, आईच्या सहीवाचून काही अडत नव्हतं. पण तिने शेवटपर्यंत नाही म्हटलं असतं तर मी गेले नसते, हे मला माहीत होतं आणि तिलाही. जागा पक्की करायचा मेल पाठवायची डेडलाइन जवळ येत होती.

पप्पांनी आपल्या परीने तयारी सुरू केली. त्यांचं ठाम मत असं, की ज्याला एसटीच्या मागच्या सीटवर घाट सोसतो त्याला समुद्र काही करत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी ते मला आजऱ्यावरून आंबोली घाट उतरवून आणायचे आणि स्वतः पुढच्या सीटवर बसून सबंध रस्ता मागे वळून बघायचे, पोरीचा रंग बदलतोय का. मला एकदाही मळमळलं नाही. आता घोडं गंगेत न्हालं, असं पप्पांनी जाहीर केलं. पुढे बोटीवर पहिल्या वादळात मी केबिनमध्ये दोन्ही हातांनी पिशवी धरून बसले तेव्हा मला आंबोली घाट फार आठवला. पप्पांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पोहायचं मात्र आईनेच काढलं, आधी पोहायला शीक, मग बघू म्हणाली. तिच्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या हलीमाचाचींच्या शेतात विहीर आहे आणि चाचींना लहानपणापासून पोहता येतं. दर रविवारी सकाळी आम्ही तिघी जायचो. चाची तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीला बांधायच्या, कमरेला दोर, आणि दोराचं टोक पायरीवर बसलेल्या आईच्या हातात. मी बुडायच्या आधीच आई ओढायची. चाची वैतागायच्या, “अगं सोड की जरा. पोहू द्यायचं का वर काढायचं, एक काय ते ठरीव.”

हळूहळू डबा सुटला, मग दोर सुटला. एका रविवारी मी भिंतीच्या कडेकडेने न थांबता कितीतरी फेऱ्या मारल्या आणि पायरीशी येऊन विजयी चेहऱ्याने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, चांगलं झालं, पण तिचं उत्तर अजून ‘नाही’ असंच आहे. मी पाण्यातूनच भांडायला लागले. मागेल ते केलं होतं मी. आणखी काय हवं होतं तिला?

“तुला येतंय ते दिसलं,” ती म्हणाली. “पर आत कसं वाटतंय ते मला कुठं ठावं हाय?”

मग तिने चष्मा काढून पायरीवर ठेवला, साडीचा काष्टा घातला आणि चाचींना म्हणाली, डबा बांध. मला वाटलं चेष्टा करतेय. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी माझी आई एकेक पायरी उतरत छातीएवढ्या पाण्यात आली आणि भिंतीतल्या दगडाला धरून थांबली. ओठ हलत होते. चाची एका बाजूला, मी दुसऱ्या. मग तिने दगड सोडला.

पहिल्यांदा ती तोंडावर पडली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर आली ती मला नाही, चाचींना शिव्या घालत. पुन्हा दगड धरला, पुन्हा सोडला. शेवटी पाठीवरच्या डब्याने तिला उचललं आणि ती तरंगली. हातपाय मारायचे विसरून नुसती तरंगत राहिली. इतकी शांत मी तिला झोपेतही पाहिलेली नाही.

ती वर येऊन बसली. मी टॉवेल गुंडाळला. ती विहिरीकडेच बघत होती. म्हणाली, “पाणी वाईट न्हाय गं. आपल्याला कुणी सांगितलंच न्हवतं.” आणि थोड्या वेळाने, “धाड तुझा तो मेल.”

मला त्या दिवशी माझ्या आईचा अभिमान वाटला, आणि तिने जेवढं दिपवलं तेवढं नंतर कुठल्याही समुद्राने, कुठल्याही शहराने मला दिपवलं नाही. बोटीवर मात्र विहिरीने माझी फजिती केली. डेकवरच्या छोट्या पूलमध्ये मी सरळ पोहायला निघायचे आणि सवयीने डावीकडे वळत दुसऱ्याच्या अंगावर जायचे. विहिरीत शिकलेलं माणूस गोलच पोहतं, हे मला तिथे कळलं.

आता मी रॉटरडॅमला असते, नदीच्या पाण्याचे नमुने तपासते. इथे लहान मुलांना अंगावरच्या कपड्यांसकट पोहायला शिकवतात, चुकून कालव्यात पडलं तर पोहून बाहेर येता यावं म्हणून. ऑफिसातल्या मैत्रिणीने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, माझी आई साडीत शिकली. तिला ते खरंच वाटेना.

परदेशात आलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपण निघालो त्या दिवशी घर तिथेच थांबलंय, दारात उभं राहून आपली वाट बघतंय. मलाही वाटायचं, आणि त्या कल्पनेने मी कितीदा रडलेही आहे. पण माझं घर थांबलं नाही. आईने डबा सोडला, मग वस्तीतल्या दोघीतिघींना विहिरीवर नेलं, आता त्यांच्या लेकी आणि सुनाही जातात. गेल्या रविवारी मला घरची फार आठवण येत होती म्हणून सकाळीच फोन लावला. मागे बायकांचा गलका आणि पाण्यात कुणीतरी पडल्याचा आवाज. मी म्हटलं, आई, जरा बोल ना माझ्याशी.

“संध्याकाळी बोलू,” ती म्हणाली. “आता ठेव, बायका पाण्यात हायत.”