कुजणाऱ्या पिशवीची ऑर्डर

दर्पण कॉलनीतले माझे मेहुणे सुधारित स्टार्च मिसळून प्लास्टिकच्या पिशव्या बनवतात. स्टार्च जास्त असेल तर पिशवी मातीत कुजते, कमी असेल तर वजन पेलते. सराफ्यातल्या मिठाईवाल्याची पहिली ऑर्डर मिळावी म्हणून त्यांनी दोन्ही प्रकार केले. नमुन्यांवर चिठ्ठ्या लावणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटलं.

मिठाईवाल्यासमोर पेढ्यांनी भरलेली पिशवी उचलताच तिचा तळ फाटला. मी पेढे वेचले. मग कुजणं दाखवायला मेहुण्यांनी कुंडीत तीन महिने पुरून ठेवलेली पिशवी उकरून काढली. ती अखंड होती.

"अहो, अदलाबदल केलीत!" बहीण म्हणाली.

मिठाईवाल्याने कुंडीतली पिशवी ताणून पाहिली. "भाईसाहब, यही चाहिए. बस, ऊपर छाप दो, मिट्टी में गल जाती है."

मेहुण्यांनी तत्त्वासाठी पाच मिनिटं नकार दिला. मग अक्षरं हिरवी असावीत, एवढ्या अटीवर ऑर्डर घेतली.