दवाखान्याच्या जोत्याचं माप

मेडशीकडच्या आमच्या गावातला सरकारी दवाखाना नाल्याले लागूनच होता. मी तिथं आया होती. ज्या दिवशी नाला आत घुसला, त्या दिवशी एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. तिले माणसांनी बाजेवर घालून आधी बाहेर नेलं. लेकरू राह्यलं माह्या हातात. पाणी चढून राह्यलं अन् मी लेकरू वर वर उचलून राह्यली. बेंबीच्या वर चार बोटं आलं अन् पाणी थांबलं.

पुढं लई वर्षांनी नवा दवाखाना मंजूर झाला. पुराचं पाणी शिरणार नाही असा, उंच जोत्याचा. इंजिनिअर साहेब पाहणीले येणार म्हणल्यावर आमी काय केलं असंल? भिंतीले चुना मारला! मीच पुढं होती. पाव्हण्याले मळकट घर कसं दाखवाचं? पुराची चिखलाची रेघ होती, ते चुन्याखाली गेली.

साहेबाच्या कागदावर पाणी गुडघ्याइतकं होतं.

"नाही साहेब, वर होतं. इथं रेघ होती," सिस्टरबाई म्हणल्या.

"कुठंय?"

सिस्टरबाईनं माह्याकडं पाह्यलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंग मी भिंतीले जाऊन टेकली.

"मले मोजा. बेंबीच्या वर चार बोटं."

साहेब हसला. "आजी, तेव्हा तुम्ही ताठ असाल. आता वाकल्यात."

"तर मंग करा ना ताठ!"

सिस्टरबाईनं एक हात पाठीले लावला, एक गुडघ्यावर दाबला. "सरळ व्हा आजी! अजून!"

"काहून वं बाई, मोडून टाकतं का मले?"

सारे हसत होते. मले हसू येत नव्हतं. साहेब टेप लावून राह्यला होता अन् मले वाटे, मी जेवढी वाकीन तेवढं जोतं बुटकं होईन. दम धरून उभी राह्यली. साहेबानं बोट ठेवलं, आकडा लिहिला, वरून हातभर वाढवला.

आता नव्या दवाखान्याले बाजूनं उतार आहे, तरी मी हट्टानं पायऱ्या चढते. गुडघे बोंबलतात. दवाखान्यातल्या पोरी म्हणतात, "आजी, तूच उंच केलं, आता चढ!"

मागच्या पावसात नाला पुन्हा आला. मी दारात उभी राहून एक एक पायरी बुडताना पाह्यली. वरच्या तीन कोरड्या राह्यल्या. आतून लेकराचं रडणं आलं. मी आत गेली, तर लेकरू आईच्या पोटावर होतं. त्याले उचलाचं कोणाले काम पडलं नाही.