रिकामा मिक्सर

२००५च्या उन्हाळ्यात बाबा आल्मेरेला आमच्याकडे राहायला आले आणि पुण्याहून जपून आणलेल्या माझ्या मिक्सरचे हाल सुरू झाले. मी साधं विचारायचे, "बाबा, पेन्शनच्या कागदांचं काय झालं?" की ते उठणार, रिकामा मिक्सर लावणार आणि माझ्या कानाशी येऊन उत्तर देणार. मोटर जळेल म्हणून सांगून माझा घसा बसला. शेजारच्या डच आजी भिंतीवर ठोकायच्या, आणि माफी मागायला मी जायचे.

ही सवय कुठली, ते मला ठाऊक होतं. माझं लहानपण पश्चिम आफ्रिकेत गेलं. बाबा तिथे शाळेत गणित शिकवायचे आणि देश लष्कराच्या ताब्यात होता. कोण काय जाऊन सांगेल याचा नेम नसायचा, म्हणून सरकारबद्दल अक्षर काढायचं तरी आई आधी मिक्सर लावायची. वीज गेली की विषय बंद. एक जनरल जाऊन दुसरा आला, त्या आठवड्यात आम्हाला तिन्ही त्रिकाळ खोबऱ्याची चटणी होती.

बाबांचे मित्र, भूगोलाचे सर, मात्र कशालाच जुमानायचे नाहीत. एका रात्री आमच्याकडे जेवताना त्यांनी जनरलची नक्कल केली. मी सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात करून दाखवली. संध्याकाळी सैनिक सरांना घेऊन गेले. ते परत आले नाहीत. मी हे वीस वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मला राहवेना. म्हटलं, "बाबा, सरांना माझ्यामुळे नेलं ना? त्यांनी केलेली जनरलची नक्कल मी वर्गात करून दाखवली होती."

बाबा उठून मिक्सरकडे निघाले. माझं डोकंच फिरलं.

"बास झालं आता. इथे कोण ऐकतंय? निदान हे तरी नीट बोला."

ते थांबले. मिक्सरचा प्लग काढला आणि वायर भांड्याभोवती गुंडाळत बसले.

"तुझ्यामुळे नाही," ते म्हणाले. "तू शाळेत पोचायच्या आत मी जाऊन सांगून आलो होतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर आपणच अडकलो असतो."

पलीकडच्या आजींचा टीव्हीसुद्धा ऐकू येत होता.

"तुझ्या आईला," बाबा म्हणाले, "मी हे मिक्सर लावूनही कधी सांगितलं नाही."