प्रेबेनला द्यायचा मेमो

ऑर्हूस विद्यापीठातून मनुष्यबळ व्यवस्थापन शिकून बाहेर पडलो, तेव्हा डेन्मार्कमधले सगळे कारखाने माझ्यावाचून अडून बसलेत अशी माझी समजूत होती. मी चौसष्ट अर्ज केले. दोन ठिकाणांहून दिलगिरी आली, एकसष्ट ठिकाणांहून तीही नाही. बोलावलं फक्त लेमविगजवळच्या एका पावाच्या कारखान्यानं. त्या जागेसाठी दोनच अर्ज आले होते आणि दुसऱ्यानं गाव नकाशावर पाहून माघार घेतली होती, हे मला पुढे कळलं.

बाबा ओडेन्सला नळदुरुस्तीची कामं करतात. त्यांनी फोनवर विचारलं, "आस्गर, तू तिथं नक्की करणार काय?"

"माणसांशी बोलणार, बाबा."

"पाच वर्षं शिकून?"

कारखान्यात एकशे चाळीस माणसं राय धान्याचा काळा पाव भाजायची, कापायची, बांधायची. एचआर विभागात मी आणि माझी साहेब बोडिल. पहिल्याच महिन्यात मी बेचाळीस प्रश्नांची पाहणी केली. 'कामात आनंद मिळतो का?' या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'ठीक' असं उत्तर दिलं. मी हादरलो आणि कागद घेऊन बोडिलकडे धावलो. ती म्हणाली, "अरे, हा पश्चिम युटलंड आहे. इथं माणूस 'ठीक' म्हणाला म्हणजे तो मनातल्या मनात नाचतोय."

मग एक खरं काम आलं. प्रेबेन नावाचा फोर्कलिफ्ट चालवणारा गडी, वय अठ्ठावन्न, पाच महिने रोज पंधरा-वीस मिनिटं उशिरा येत होता. आधीची सव्वीस वर्षं तो कधी मिनिटभरही चुकला नव्हता. मुकादमानं दोनदा तोंडी समज दिली होती, त्यामुळे आता लेखी मेमो द्यायचा होता. बोडिल म्हणाली, "हे तूच कर. शिकशील."

मी दोन दिवस तयारी केली. 'अवघड संभाषणाच्या सहा पायऱ्या' पाठ केल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर कागदी रुमालांचा डबा ठेवला, कारण समोरचा रडू शकतो असं आम्हाला शिकवलं होतं. आरशासमोर सहानुभूतीचा चेहराही करून पाहिला. तो दाढ दुखत असल्यासारखा दिसत होता.

प्रेबेन आला आणि टोपी मांडीवर ठेवून बसला. सोबत कामगारांची प्रतिनिधी युट्टे होती. तिनं पिशवीतून विणकाम काढलं. पहिली पायरी पार पडली, म्हणजे मी हवामानाबद्दल बोललो. दुसऱ्या पायरीला मी विचारलं, "प्रेबेन, या उशिराबद्दल तुला काही सांगायचंय का?"

तिसरी पायरी होती शांत राहण्याची. आमचे प्राध्यापक म्हणायचे, तुम्ही गप्प बसा, समोरच्याला ती शांतता सहन होत नाही आणि तो आपोआप बोलू लागतो. प्राध्यापक कोपनहेगनचे होते.

मी गप्प बसलो. प्रेबेनही गप्प बसला. मिनिट गेलं, दोन गेली. युट्टेच्या सुयांची टिकटिक तेवढी चालू होती. प्रेबेन खिडकीबाहेर बघत असा निवांत बसला होता, जणू मी त्याला विश्रांतीसाठीच बोलावलंय. चौथ्या मिनिटाला माझ्या कपाळावर घाम आला. सहाव्या मिनिटाला ती शांतता सहन न होऊन एकजण खरोखरच बोलू लागला. तो मी होतो.

"मला हे नीट जमत नाहीये," मी म्हणालो, आणि मग थांबलोच नाही. सकाळी भीतीनं उलटी झाली हे सांगितलं. गावात कोणी ओळखीचं नाही, रोज संध्याकाळी एकटाच पावावर लिव्हरची चटणी लावून खातो, हेही सांगितलं. शेवटी नाक गळायला लागलं. युट्टेनं विणकामावरची नजर न काढता रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

प्रेबेननं घसा खाकरला. "बायको," तो म्हणाला.

मी रुमालानं नाक पुसलं.

"आग्नेटे विसरते हल्ली. शेगडी चालू ठेवते. नगरपालिकेची बाई सव्वासातला येते. तोवर तिला एकटं सोडता येत नाही."

कामाची पाळी सातला सुरू व्हायची. युट्टेच्या सुया थांबल्या. "पाच महिने? अरे मेल्या, रोज माझ्याशेजारी बसून डबा खातोस तू! बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"मुकादमानं विचारलं की!"

"तो विचारत नव्हता. ओरडत होता."

मी सरसावून बसलो. ही तर माझीच विद्या! मी म्हणालो, "कामाच्या लवचीक वेळांचं एक धोरण आखू या. मी मसुदा करतो. महिन्याभरात समिती नेमू, मग—"

"कागद दे," युट्टे म्हणाली. मेमोच्याच कोऱ्या पाठीवर तिनं लिहिलं: 'प्रेबेन साडेसात ते साडेतीन.' मग तो कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "इथं सही कर, पोरा."

मला सहीचा अधिकार नव्हता, तरी मी केली. दुपारी बोडिलनं बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. नियम काय, अधिकार कुणाचे, सगळं ऐकवलं. शेवटी तिनं माझ्या सहीखाली स्वतःची सही ठोकली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मला विचार. आणि उलटीचं सांगत बसू नकोस. सगळ्या कारखान्याला कळलंय."

कळलं होतंच. दुसऱ्या दिवशी पाव कापणाऱ्या बायकांनी माझ्या टेबलावर आल्याच्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं. पण त्या आठवड्यापासून लोक माझ्या दारात यायला लागले. सल्ला मागायला नव्हे, ते युट्टेकडेच जात. नुसते डोकावून "पोट बरंय ना?" विचारायचे, आणि जाता जाता आपलं एखादं दुखणं सांगायचे. मी ते लिहून घ्यायचो, युट्टेला दाखवायचो, ती सांगेल ते करायचो. माझी नोकरी कायम झाली ती अशी.

जूनमध्ये प्रेबेननं कॉफीला घरी बोलावलं. आग्नेटेनं दार उघडलं. केस नीट विंचरलेली, हसरी बाई. तिनं माझा इस्त्रीचा शर्ट पाहिला, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्यापुढे जीभ काढून दाखवली.

"ती तुला डॉक्टर समजतेय," प्रेबेन हळूच म्हणाला. "असू दे. डॉक्टर आवडतात तिला."

मी जीभ नीट पाहिली. मग विचारलं, "झोप लागते का?"

"लागते. हा घोरतो पण," ती म्हणाली.

"मग त्याला कुशीवर झोपायला सांगा."

"बघ!" ती प्रेबेनकडे वळून म्हणाली. "मी इतकी वर्षं काय सांगतेय?" आणि खुशीत केक कापायला आत गेली.