वर्सोव्याच्या धक्क्यावरचा कॅलिफोर्निया

चार महिने लेक माझ्याशी बोलत नव्हती. मीठ हवं असलं तरी "आई, त्यांना सांग." 'त्यांना' म्हणजे मी, हातभर अंतरावर बसलेला बाप. चूक माझीच. तिच्या रॅपच्या पहिल्या कार्यक्रमानंतर, तिच्या मित्रमैत्रिणींसमोर, भाजीवाला यापेक्षा सुरात ओरडतो असं मी म्हणालो होतो. ती सोडून सगळे हसले, त्यामुळे मी ते दोनदा म्हणालो.

माफी मागून झाली, पापलेट आणून झालं, बंद दारासमोर खोकून झालं. आता शेवटचा उपाय. तिच्या भिंतीवर दोन जुन्या हिपहॉप अल्बमची पोस्टरं आहेत, एक न्यूयॉर्कचा, एक कॅलिफोर्नियाचा. दोन्ही ऐकून फरक लिहून द्यायचा. खरेदी विभागात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला तुलनात्मक तक्ता सोडून दुसरं येतं काय?

न्यूयॉर्क मी मालाडच्या बाजारात ऐकला, हेडफोन लावून, धक्के खात. कॅलिफोर्नियाला समुद्र हवा, म्हणून वर्सोव्याचा धक्का गाठला आणि वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी बसलो. शब्द दोन्हीकडे कळले नाहीत. म्हटलं, असू दे. पहिल्या रकान्यात लिहिलं: दाटीवाटी, थंडी, दातओठ खाऊन बोलणं. दुसऱ्यात: ऐसपैस, ऊन, गाडीच्या खिडकीबाहेर काढलेलं कोपर. शिवाय ठेक्यात लाटा. लाटांवर मी फारच खूश होतो.

तक्ता दाराखालून आत सरकवला आणि पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. बायको म्हणाली, बसा हो, फरशी झिजेल.

दार उघडलं.

"दोन्ही वेळा न्यूयॉर्कच वाजलाय," लेक म्हणाली. "गाण्यांच्या ॲपचं अकाउंट एकच आहे ना आपलं. मला दिसतं."

धक्क्यावर रेंज नव्हती. मी दुसरा अल्बम दाबला, आणि फोनने आधीच साठवून ठेवलेला पहिलाच पुन्हा सुरू केला. त्यात मी लाटा शोधल्या. मी हसायला लागलो, तीही हसेल या आशेने.

ती हसली नाही. "माझं पण त्या दिवशी असंच ऐकलंस ना, बाबा?"

दार लागलं. थोड्या वेळाने तक्ता दाराखालून परत आला. शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच ऑफिसच्या भाषेत, तिने लिहिलं होतं: पुन्हा सादर करा.

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो, चष्मा पुसला आणि बायकोला विचारलं, या गाण्यांचे शब्द कुठे वाचायला मिळतात गं?