डब्यातला बैल

आमच्या साडूंइतका हलत्या गोष्टींवर संशय घेणारा माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात झाला नाही. सत्तरच्या दशकात, टीव्ही आम्हाला फक्त ऐकून माहीत होता तेव्हा, ते दौंडला वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. यवतला आलेल्या तंबू टॉकीजच्या ऑपरेटरनं त्यांना तुटक्या फिल्मचा वीतभर तुकडा दिला, आणि त्यातलं एकही चित्र हलत नाही हे पाहून यांची झोपच उडाली. "म्हंजी हलतंय ते आपल्याच डोक्यात!" असं ते पंगतीत शेजाऱ्याला आणि दाढी करताना न्हाव्याला सांगत. मालगाडी धडधडत गेली की डब्यांच्या फटींतून पलीकडचा चहा पिणारा माणूस झटक्याझटक्यानं दिसतो, ते बघत उभे राहत. त्या नादात त्यांची स्वतःची पॅसेंजर दोनदा निघून गेली.

शेवटी त्यांनी तुपाच्या मोठ्या गोल डब्याला बारा उभ्या फटी पाडल्या, आतून बारा चित्रांची पट्टी लावली आणि डबा बेअरिंगवर बसवला. गरागरा फिरवून फटीतून पाहिलं की चित्र पळायचं. चित्र होतं पाखऱ्याचं. खुटबावचे आमचे सासरे, आबा, यांचा हा शर्यतीचा बैल त्या वर्षी म्हातारपणानं गेला होता, आणि तेव्हापासून आबा रिकाम्या गोठ्यासमोर मुके बसून असत. साडूंनी ठरवलं, आबांना पाखऱ्या पुन्हा पळताना दाखवायचा.

आबांनी फटीला डोळा लावला आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलले. "पाव्हणं, ह्यो बैल न्हाई. जिन्यावरनं गडगडल्यालं कुत्रं हाय."

"मग कसा पळायचा, सांगा की आबा!"

"सांगून कळतंय व्हय?" म्हणत आबांनी धोतर खोचलं आणि अंगणात चक्क हातापायांवर आले. "ह्यो पुढचा उचलला, की त्यो मागचा..." पुढे सासरे रांगतायत, मागे वही घेऊन जावई रांगतोय. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या. मी मात्र शहाण्यासारखा खाटेवर बसून राहिलो, याची मला आजही खंत वाटते.

पुढच्या रविवारी नवी पट्टी आली. आबा वाकले. मग म्हणाले, "मान डावीकडं टाकून पळायचा त्यो. ह्ये कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई, आबा. रांगताना तुम्हीच टाकली हुती."

डबा मंदावला, एका पाखऱ्याचे बारा झाले. आबांनी हात पुढे केला आणि डबा पुन्हा फिरवला.

आता दोघंही नाहीत. डबा माझ्याकडे आहे. दर दिवाळीला बेअरिंगला तेल घालतो, डबा फिरवतो, आणि फटीतून, मान डावीकडे टाकून पळणारे आबा बघत बसतो.